निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड: गंधाच्या रिसेप्टरच्या अँटिबॉडीची नेहमीची कटकट

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेंब्रेनवर अँटिबॉडीने शोधायची चाचणी, छान उतरलेला असतो. बॅकग्राउंड स्वच्छ, ३५ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड. मग लेनची नावं वाचायला घेतली की कळतं, मानवी गंधरिसेप्टरचं (नाकात वास ओळखणाऱ्या प्रोटीनचं) प्लास्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ, घातलेल्या पेशींत जेवढा बँड आहे तेवढाच रिकामं प्लास्मिड घातलेल्या पेशींतही आहे. विद्यार्थ्याने पाठवलेल्या फोटोखाली प्रश्न ठरलेला: "मॅडम, डायल्यूशन १:१००० वरून १:५००० करून बघू का?"

नको. डायल्यूशन वाढवलं की बँड फिका होतो, खरा होत नाही. पणजीच्या आजूबाजूच्या पठारांवर, ताळगाव-बांबोळी-दोनापावलाकडे, जीवशास्त्राच्या लॅबना तोटा नाही. पण गंधाच्या रिसेप्टरवर हात चालवलेले माझ्या ओळखीत मोजकेच. त्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत दर सेमिस्टरला माझ्याकडे येतो, आणि येईपर्यंत विद्यार्थ्याने डायल्यूशन आणि अँटिबॉडी उगाच चिकटू नये म्हणून वापरायची दूध, बीएसए, ट्वीन ही द्रव्यं, सगळं बदलून झालेलं असतं. सिग्नल कमी असेल तर या गोष्टी उपयोगी. अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटत असेल तर त्यांनी काही होत नाही. आधी दोन्हींपैकी कुठली अडचण आहे ते ठरवायचं, मग बाटलीला हात लावायचा.

याच रिसेप्टरांत एवढा त्रास का

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी रॅटच्या नाकातल्या पेशींतून हे जनुककुटुंब शोधून काढलं. जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांमध्ये काही तुकडे सारखे असतात, त्या तुकड्यांवर बेतलेले प्रायमर वापरून पीसीआर केला आणि त्यातून हे प्रचंड कुटुंब हाती लागलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. आपली अडचण अशी की ज्या साम्यामुळे कुटुंब सापडलं तेच साम्य अँटिबॉडी बनवणाऱ्याच्या मुळावर येतं. माणसात सुमारे ४०० चालू जनुकं आहेत आणि त्याहून जास्त मोडकी. प्रत्येक प्रोटीन साधारण ३१० ते ३३० अमिनो आम्लांचं, सात वेळा पेशीच्या पटलातून आरपार जाणारं. अँटिबॉडीला पकडायला बाहेर उरतात ती छोटी टोकं आणि छोटे लूप. कंपन्या बहुतेक वेळा त्यातलाच पंधरा-वीस अमिनो आम्लांचा पेप्टाइड घेऊन सशाला टोचतात.

म्हणून डेटाशीटवर पहिल्यांदा बघायचं ते इम्युनोजेन, म्हणजे सशाला टोचलेला तुकडा. पेप्टाइडचा क्रम दिला असेल तर तो मानवी प्रोटीओमविरुद्ध ब्लास्ट करा, म्हणजे माणसाच्या सगळ्या प्रोटीनांच्या क्रमांशी जुळवून बघा. एकाच उपकुटुंबातले तीन-चार रिसेप्टर वर आले तर आश्चर्य नको. गंधाशी काही संबंध नसलेलं, पण पेशीत भरपूर असणारं प्रोटीन वर आलं तर मात्र तुमच्या बँडचा मालक बहुधा तोच. क्रम "गोपनीय" म्हणून दिला नसेल तर निदान कितव्या ते कितव्या अमिनो आम्लापर्यंतचा आहे एवढं ईमेल करून विचारा. तेही सांगत नसतील तर ती अँटिबॉडी घेऊ नका. माझ्या मते यात तडजोड नाही.

सॅम्पल उकळलंत का?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलपासून हात बसलेला असतो: लोडिंग बफर घाला, ९५ अंशांवर ५ मिनिटं, जेलवर. सात वेळा पटल ओलांडणाऱ्या प्रोटीनला हा प्रकार मानवत नाही. पाण्याला नको असलेले त्याचे लांब पट्टे उष्णतेने उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि गठ्ठे होतात. असा गठ्ठा जेलमध्ये शिरतच नाही. वेलच्या (सॅम्पल घालायच्या खाचेच्या) तोंडाशी किंवा स्टॅकिंग जेलमध्ये, म्हणजे जेलच्या वरच्या थरात, अडकून बसतो. बरेच जण ब्लॉट करण्याआधी स्टॅकिंगचा भाग कापून टाकतात. म्हणजे खरा रिसेप्टर कचऱ्याच्या डब्यात आणि ३५ वर दिसतंय ते दुसरंच काही.

एक साधी चाचणी आहे, नवं काही विकत घ्यावं लागत नाही. रिसेप्टरवाल्या आणि रिकाम्या प्लास्मिडवाल्या, दोन्ही लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचे) तीन-तीन भाग करा. एक रूम टेंपरेचरला ३० मिनिटं, एक ३७ अंशांवर ३० मिनिटं, एक ९५ अंशांवर ५ मिनिटं. सगळे एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा आणि स्टॅकिंगसकट ट्रान्सफर करा. रिसेप्टर असेल तर ३७ च्या लेनमध्ये खाली दिसेल आणि ९५ च्या लेनमध्ये तिथून कमी होऊन वर जाईल. जो बँड तिन्ही तापमानांना ढिम्म हलत नाही आणि रिकाम्या लेनमध्येही तसाच आहे, तो साध्या विरघळणाऱ्या प्रोटीनसारखा वागतोय. त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका.

न उकळलेलं लायसेट डीएनएमुळे चिकट होतं आणि वेलमध्ये नीट बसत नाही. बेंझोनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा, किंवा बारीक सुईतून काही वेळा वर-खाली करा. आणखी एक: डिटर्जंटने पेशी फोडून १२-१४ हजार जी वर फिरवल्यावर खाली बसलेला पेलेट फेकू नका. पेशीत नीट न घडलेला रिसेप्टर पुष्कळदा तिथेच जातो. पेलेट थेट एसडीएस (कडक डिटर्जंट) बफरमध्ये घेऊन शेजारच्या लेनमध्ये चालवा.

बँड नेमका कुठे यायला हवा, हाही घोळ असतोच. हिशोबाने ३५ च्या आसपास. पण पटलातली प्रोटीनं एसडीएस जास्त धरतात, त्यामुळे कधी जरा खाली दिसतात. बाहेरच्या टोकावर साखरेची साखळी लागली तर वर सरकून पसरट होतात. दोन रेणू चिकटले तर ७० च्या आसपास. इथे एक सापळा आहे. गायीच्या सीरममधला अल्ब्युमिन ६६ च्या जवळ धावतो. पेशी पीबीएसने नीट धुतल्या नसतील तर तो जेलवर भरपूर उतरतो, अँटिबॉडीला जरा अडवतो आणि त्यालाच कौतुकाने "डायमर" म्हटलं जातं. असा एक डायमर मी एका पोस्टरवर छापलेला पाहिलाय.

साखरेबद्दल शंका असेल तर पीएनगेज एफ हे साखरेची साखळी कापणारं एन्झाइम. या रिसेप्टरांच्या बाहेरच्या टोकाशी एन-ग्लायकोसिलेशनची जागा बहुधा असते. एन्झाइमनंतर बँड खाली सरकला तर ते निदान ग्लायकोप्रोटीन आहे. किटच्या कागदावर आधी १०० अंशांवर तापवायला सांगितलेलं असतं ते इथे करू नका. डिटर्जंट घालून ३७ अंशांवर जास्त वेळ ठेवा.

मुळात रिसेप्टर पेशीत आहे का

एचईके२९३ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत गंधाचा रिसेप्टर घातला म्हणजे तो बनून पृष्ठभागावर जातो, असं नाही. बहुतेक ईआरमध्येच, म्हणजे पेशीच्या आत प्रोटीन घडतं त्या जाळ्यात, अडकतात. २००४ मध्ये आरटीपी१, आरटीपी२ आणि रीप१ ही मदतनीस प्रोटीनं सापडली, तेव्हा कुठे हे काम जरा सोपं झालं. आरटीपी१ चं आखूड रूप, आरटीपी१एस, सोबत घालायची पद्धत आता सर्रास आहे. ते घालत असाल तर रिकाम्या कंट्रोलमध्येही घाला आणि एकूण डीएनए सारखा ठेवा. नाहीतर तुलना रिसेप्टरची होतेय की आरटीपीची, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता मुख्य चाचणी. रिसेप्टरच्या सुरुवातीला टॅग, म्हणजे भरवशाची अँटिबॉडी ओळखेल असा छोटा तुकडा, लावा: फ्लॅग, किंवा या क्षेत्रात रूढ असलेला रो टॅग, म्हणजे ऱ्होडॉप्सिनची पहिली २० अमिनो आम्लं. टॅगची अँटिबॉडी उंदराची आणि तुमची सशाची असेल तर दोन रंगांच्या दुय्यम अँटिबॉडी वापरून एकाच मेंब्रेनवर दोन्ही बघता येतात. दोन्ही रंग एकमेकांवर बसले आणि रिकाम्या लेनमध्ये दोन्ही नसले, तर तुमची अँटिबॉडी हा रिसेप्टर ओळखते. टॅगचा रंग एका जागी, तुमचा दुसरीकडे, असं असेल तर निकाल लागला.

रो टॅग घेतलात तर अँटिबॉडी मागवताना क्लोन बघा. ४डी२ सुरुवातीचं टोक ओळखतो. १डी४ हाही ऱ्होडॉप्सिनचाच प्रसिद्ध क्लोन, पण तो शेवटच्या टोकाचा; रो टॅगवर त्याचा काही उपयोग नाही. कॅटलॉगमध्ये दोघे शेजारी दिसतात आणि घाईत चुकीचा येतो.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. तुमच्या रिसेप्टरचा सगळ्यात जवळचा भाऊ वेगळ्या पेशींत घाला आणि अँटिबॉडी त्यालाही ओळखते का ते बघा. ओआर५१ई२ वर काम असेल तर शेजारी ओआर५१ई१ हवाच. ओआर५१ई२ सुरुवातीला निवडायला बरा रिसेप्टर आहे. तो नाकाबाहेर प्रोस्टेटमध्ये भरपूर असतो, एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत नैसर्गिकरीत्या मिळतो आणि २०२३ मध्ये प्रोपिओनेटसोबतची त्याची रचना क्रायो-ईएमने (गोठवलेल्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने) मिळाली. मानवी गंधरिसेप्टरची अशी रचना तोवर कोणी पाहिली नव्हती. एलएनकॅपमध्ये एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचा आरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) वापरून तो कमी करा आणि बँड कमी होतो का बघा. आरएनए लवकर घसरतं, प्रोटीन मागे रेंगाळतं. म्हणून ७२ तासांपर्यंत थांबा. जनुक उतरलं, बँड उतरला नाही, तर अँटिबॉडी गेली. दूध बदलून ती परत येत नाही.

पेप्टाइड ब्लॉकिंगबद्दल थोडक्यात. पेप्टाइड आधी मिसळला आणि बँड गेला, म्हणजे अँटिबॉडी विशिष्ट आहे, असं अजूनही थिसिसमध्ये लिहिलं जातं. पेप्टाइडने अँटिबॉडीची पकडच भरून टाकली. मग ती खऱ्या प्रोटीनला चिकटणार नाही आणि खोट्यालाही नाही. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला धरते, एवढंच यातून कळतं. २०१६ मध्ये अँटिबॉडी पडताळणीसाठी आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले: जनुक बंद करून बघणं, अँटिबॉडीशिवायच्या पद्धतीशी ताडून बघणं, वेगळ्या भागाची दुसरी अँटिबॉडी, टॅग लावलेलं प्रोटीन आणि पकडलेलं प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पेप्टाइड ब्लॉकिंग त्या पाचांत नाही.

जून ते सप्टेंबर

आपल्याकडच्या पावसाळ्याचा यात किती हात? लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण आहे. अमोनियम पर्सल्फेट दमट हवेत ओलावा धरतं, बाटलीत गोळे होतात आणि जेल नीट जमत नाही. ताजं द्रावण, छोटी बाटली, सिलिका जेल. प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध सोडवणारा डीटीटीही हवेने बिघडतो. तो मेला की डायसल्फाइड बंध सुटत नाहीत आणि जास्त वजनाचे बँड उगाच उठून दिसतात. जुलैत अचानक "डायमर" वाढले तर आधी डीटीटी बदला.

पार्सलचं म्हणाल तर चवथीच्या आठवड्यात ऑर्डर येईल अशी वेळ साधू नका. एका विद्यार्थिनीची बाटली कुरिअरच्या गोदामात सुट्टीभर पडून राहिली. आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं. ती रडकुंडीला आली होती. पण शुद्ध केलेली आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीचा रेणू, तशी दणकट असते, काही दिवसांच्या कोमट प्रवासात बहुधा टिकते. ती तपासायला टॅगवाला पॉझिटिव्ह कंट्रोल आहेच. जास्त नुकसान होतं ते वारंवार गोठण्या-वितळण्याने. वीज जाते-येते, त्यात घरगुती नो-फ्रॉस्ट फ्रीजर बर्फ साचू नये म्हणून मधून मधून स्वतःच तापतो. ५० टक्के ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० ला गोठत नाही, तिला चिंता कमी. ग्लिसरॉल नसलेली आल्या दिवशीच छोट्या भागांत वाटून ठेवा. सोडियम अझाइड (बफर टिकावा म्हणून घालतात तो) एचआरपीला (ब्लॉटवर सिग्नल देणाऱ्या एन्झाइमला) मारतो, तेव्हा एचआरपी जोडलेली दुय्यम अँटिबॉडी अझाइडवाल्या बफरमध्ये पातळ करायची नाही. ब्लॉट पूर्ण कोरा आला की पहिल्यांदा हेच विचारा.

एक लक्षात घ्या: बिघडलेल्या अँटिबॉडीचा सिग्नल बहुधा पडतो किंवा सगळीकडे धुरकट होतो. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये स्वच्छ, रेखीव बँड उमटवण्याचं काम पावसाचं नाही. तो दोष बाटलीत पहिल्यापासून असतो. लॉट बदलला की मात्र खेळ नव्याने मांडावा लागतो, कारण पॉलिक्लोनल म्हणजे वेगळ्या सशाचं वेगळं रक्त. रेकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या जनुकावरून दर वेळी तीच बनवलेली, मिळत असेल तर दोन पैसे जास्त मोजा.

टिश्यूवर सगळंच चमकतं

नाकातला टिश्यू ईएनटी विभागाकडून, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, महत्प्रयासाने मिळतो. म्हणून त्यावरचा रंग खोटा आहे हे मान्य करणं जड जातं. पण हिशोब सोपा आहे. एका गंधपेशीत साधारण एकच रिसेप्टर असतो आणि रिसेप्टर आहेत ४०० च्या घरात. एका रिसेप्टरची विशिष्ट अँटिबॉडी हजार गंधपेशींत मोजक्याच पेशी रंगवेल, त्याही विखुरलेल्या, आणि रंग मुख्यतः वरच्या टोकाला व सिलियांवर. रांगेने प्रत्येक पेशी उजळली असेल तर तो तुमचा रिसेप्टर नव्हे.

दुसरं म्हणजे, तो तुकडा गंधपटलाचाच आहे का? माणसाचं गंधपटल नाकात पार वर असतं आणि श्वसनपटल त्यात घुसलेलं असतं. आधी शेजारच्या सेक्शनवर ओएमपी, म्हणजे प्रौढ गंधपेशींच्या खुणेच्या प्रोटीनची अँटिबॉडी, लावा. ओएमपी नाही तर रिसेप्टर शोधण्यात अर्थ नाही. काहीही न लावलेला सेक्शन सगळ्या चॅनेलमध्ये बघा. लायपोफ्युसिन (वयाबरोबर साचणारं रंगद्रव्य) आणि तांबड्या पेशी आपोआप चमकतात. बोमन ग्रंथीही उगाच रंग धरतात. आधार देणाऱ्या सस्टेंटॅक्युलर पेशी गंधपेशींच्या मधोमध उभ्या असतात आणि घाईत त्यांनाच न्यूरॉन समजलं जातं. कोविडच्या काळात हा फरक फार महत्त्वाचा ठरला: विषाणूला लागणारं एसीई२ त्या आधार देणाऱ्या पेशींत सापडलं, गंधन्यूरॉनमध्ये नाही.

जिवंत पेशींवर पृष्ठभागाचं स्टेनिंग करून काहीच दिसत नसेल तर इम्युनोजेन पुन्हा वाचा. शेवटच्या टोकाविरुद्धची अँटिबॉडी पेशीच्या आतला भाग ओळखते; पटलाला छिद्र न पाडता ती तिथे पोचणार कशी? तिथे अँटिबॉडीचा दोष नाही.

पीसीआर "हो" म्हणतो, पण

ब्लॉटवर शंका आली की लोक आरटी-पीसीआर करून स्वतःची समजूत घालतात. या जनुकांचा प्रोटीन लिहिणारा भाग बहुधा एकाच एक्झॉनमध्ये असतो, मधे इंट्रॉन (आरएनएमधून कापून टाकला जाणारा तुकडा) नाही. आरएनएमध्ये जरा जरी जीनोमिक डीएनए राहिला तर त्याच लांबीचा बँड मिळतो आणि रिसेप्टर व्यक्त होतोय असं वाटतं. डीनेज करा, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली ट्यूब प्रत्येक सॅम्पलला ठेवा. त्या ट्यूबमध्येही बँड आला तर तुमच्याकडे खोटी साक्ष देणारे दोघे झाले.

एवढं करून अँटिबॉडी नापास झाली तर तिला सोडा. चालू असलेल्या ४०० पैकी बहुतेक रिसेप्टरांना भरवशाची अँटिबॉडी नाहीच, असं धरून चाललेलं बरं. पेशींतल्या प्रयोगाला टॅग पुरतो, टिश्यूवर आरएनए इन सिटू (पेशीत जागच्या जागी आरएनए शोधणं) करता येतं. आणि पुष्कळ प्रश्नांना अँटिबॉडी लागतच नाही. सुक्या बांगड्यांच्या वासाने एकाला भूक लागते आणि दुसरा नाक दाबतो, यावर प्रोजेक्ट करायची इच्छा आपल्याकडे दर बॅचमध्ये कुणाला तरी होते. माशाच्या वासातलं ट्रायमिथाइलअमाइन टीएएआर५ हा रिसेप्टर ओळखतो. तो वेगळ्या छोट्या कुटुंबातला, माणसात त्या कुटुंबाची चालू जनुकं ६. २०२० मध्ये आइसलँडच्या लोकांवरच्या अभ्यासात या जनुकातला एक बदल सापडला. तो असलेल्यांना माशाचा वास तितका तीव्र किंवा नकोसा वाटत नव्हता. लोकांना वास द्या, त्यांचा डीएनए तपासा. एकही ब्लॉट नको.

नापास बाटलीबद्दल कंपनीला जरूर लिहा. न कापलेला पूर्ण ब्लॉट, मार्करसकट. तापमानाच्या तिन्ही लेन, टॅगची लेन, लॉट नंबर आणि तुमचा प्रोटोकॉल जोडा. नुसतं "चालत नाही" लिहिलंत तर डायल्यूशन बदला असंच उत्तर येईल. पुरावा पूर्ण असला की कधी बदली माल मिळतो, कधी पैसे. पैसे देऊ केले तर आधी अकाउंट्स विभागात विचारा. ३१ मार्चनंतर आलेली रक्कम तुमच्या ग्रँटच्या हेडमध्ये परत बसवणं मुश्किल जातं. त्यापेक्षा क्रेडिट नोट मागा आणि तिच्यावर फ्लॅगची अँटिबॉडी घ्या.